आटे चालू आहेत

आमच्या साहेबांना तीन गाळे पलीकडे टॅप मोडला तरी आवाज कळायचा. शेजारी उभं राहून कुणी हाक मारली तर मात्र कळत नसे.

तुम्ही दोघे नातवंडं तिकडे परदेशात वाढलात, टॅप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नळ येणार. म्हणून आधी ते सांगते. लोखंडाला भोक पाडून त्यात बोल्ट बसवायचा असेल, तर भोकाच्या आतल्या अंगाला बोल्टासारखेच आटे पाडावे लागतात. ते आटे कापणारं हत्यार म्हणजे टॅप. दिसायला जाडसर पेन्सिलीसारखं, स्वभावाने काचेसारखं. कडक, पण वाकणं माहीत नाही. थोडा पीळ जास्त बसला की कटकन मोडतं आणि मोडलेला तुकडा आतच रुतून बसतो. ड्रिलने पोखरून काढावा तर तो ड्रिलइतकाच कठीण.

उथळ भोकात आटे कुणीही पाडतं. भोक खोल असलं, आणि तेही पलीकडून बंद, की भल्याभल्यांना घाम फुटतो. मी लालबागच्या त्या कारखान्यात रुजू झाले त्या आठवड्यात साहेबांनी मला समोर बसवून हे समजावलं होतं.

“वहिनी, अरुंद तोंडाची बरणी घ्या. हात आत जातो. मूठ भरलीत की अडकतो. ओढलात तर बरणी फुटते. इथे बरणी फुटत नाही, हात तुटतो. कापलेला कीस आत साठतो, त्याचीच मूठ होते. म्हणून थोडं कापायचं, बाहेर यायचं, कीस झटकायचा, कूलंट आत जाऊ द्यायचं, मग परत आत. लोभ केला की मोडलंच.”

कूलंट म्हणजे हत्यार थंड आणि बुळबुळीत ठेवणारं दुधासारखं तेलपाणी. मशीनच्या मागे त्याची टाकी असते आणि पंपाने ते कापायच्या जागी फवारलं जातं. ही सगळी ये-जा आमच्याकडे सीएनसी लेथ करायचं, म्हणजे संगणकावर चालणारं. माणसाने आकडे भरायचे, दार लावायचं, बटण दाबायचं. तरीसुद्धा खोल टॅपिंग असलं की साहेब मशीनच्या दारावर तळहात ठेवून उभे राहात. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटलेले. रेडिओ बंद, बोलणं बंद, आणि गाळ्याच्या दारावर पाटी: “आटे चालू आहेत. थांबा.”

ती पाटी सगळ्यांना लागू होती. कुरियरवाला थांबे, मीटर बघणारा थांबे. एकदा निवडणुकीचे एक उमेदवार हात जोडून जिना चढून आले, मागे पंधरा-वीस माणसं. साहेबांनी दार उघडलं तेव्हा सगळा जथा जिन्यावर शांत उभा. आत काहीतरी पारायण चालू असावं असं वाटून उमेदवारांनी चपला काढल्या होत्या. साहेबांनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, “चपला घाला आधी. जिन्यावर कीस पडलेला असतो, पायात जाईल.” मत कुणाला देणार ते काही सांगितलं नाही.

आता तो गाळाही नाही आणि साहेबही नाहीत. गाळ्याच्या जागी काचेचा टॉवर उभा राहतोय.

ते तुमच्या आजोबांचे कॉलेजपासूनचे मित्र, म्हणून मी वहिनी. गिरगावात राहायचे, खोताच्या वाडीच्या जवळच. रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कारखान्यात यायचे आणि संध्याकाळी त्यावर तेलाचा एक तरी डाग घेऊन जायचे. डाग नसला तर दिवस वाया गेला असं तोंड करत. आजोबा गेले तेव्हा सगळे येऊन धीर देत होते. हे आले, बसले. आजोबांच्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठून ती उलटी केली, पाहिली, सरळ केली आणि म्हणाले, “डाव्या पायाचा आटा झिजलाय, वहिनी. तो डावीकडे रेलून बसायचा, नाही?”

बसायचेच. इतक्या वर्षांत मी ते कधी शब्दांत पकडलं नव्हतं. तोपर्यंत मी नीट रडले नव्हते, तेव्हा रडले. साहेब गोंधळले आणि म्हणाले, “दुरुस्त होतो तो. रडण्यासारखं काही नाही.”

महिन्याभराने परत आले. “तुमचं इंग्रजी घरात गंजतंय,” म्हणाले, “माझ्याकडे पत्रं लिहायला माणूस नाही.”

माणूस नव्हता हे खरं, पण खरी अडचण साहेबांची स्वतःची पत्रं ही होती. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते सांगितलंच पाहिजे, असा त्यांचा बाणा. माल दोन दिवस उशिरा जाणार असेल, तर त्यांचं पत्र पोलाद कसं बनतं इथून सुरू व्हायचं. मी त्याच्या दोन ओळी करायची. ते वाचून म्हणायचे, “बरोबर आहे. पण त्यांना वाटेल आपल्याला कारण माहीतच नाही.”

आणि त्यांना कारण माहीत नाही असं कधी झालंच नाही. खालच्या गाडीवरचा वडा खारट का, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर का अडकते, कॉटन ग्रीनच्या बाजूला पंखे हळू का फिरतात, सगळ्याला उत्तर तयार. लिफ्टचं कारण समुद्राची भरती होतं. “गोदीत पंप सुरू होतात, व्होल्टेज पडतं.” लिफ्टवाल्याने दार उघडून दाराच्या रुळात अडकलेला शेंगदाणा काढून दाखवला, तेव्हा साहेब म्हणाले, “हे तात्पुरतं कारण झालं.”

कारखान्यात मोजकीच माणसं. त्यातले जुने तात्या, मालवणकडचे, तरुणपणी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये होते. हात सोन्याचा, तोंड तिखट. आणि प्रज्ञा. ती परळच्या चाळीत वाढलेली, आयटीआय केलेली, तिशीतली, एका मुलीची आई. तिचे आजोबा गिरणीत होते. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेब, आणि प्रत्येकाने शिकायचं हा दंडक. ती आली तेव्हा तपासणीच्या टेबलावर होती, पण तिचा डोळा सीएनसीवर. साहेबांच्या मागे लागून लागून तिने ते मशीन चाचणीवर मिळवलं. तात्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. “ह्या बाईमाणसाचा काम न्हय,” ते मला म्हणाले. “तात्या, मीही बाईमाणूस आहे,” मी म्हटलं. “तुमी काय, तुमी कागदार काम करतास.”

साहेबांनी अट घातली होती, की बाकी सगळं तिने करावं, खोल टॅपिंगला मात्र ते मागे उभे राहणार. “साहेब, मानेवर श्वास लागतो,” प्रज्ञा म्हणायची. साहेब अर्धं पाऊल मागे सरायचे. आणि पुन्हा पुढे यायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक शाफ्ट आला. गोदीजवळच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी होत्या, नवरा गेल्यावर मासेमारीची बोट स्वतः सांभाळणाऱ्या. त्यांच्या बोटीचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो तो शाफ्ट. जुना वाकला होता, नव्यासाठी स्टेनलेसचा दांडा त्यांनीच कुठून तरी मिळवून आणला होता. त्याच्या टोकाला खोल भोक, आत आटे, त्यात पंखा धरून ठेवणारा बोल्ट. भर हंगामात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. साहेब प्रज्ञाला म्हणाले, “हा तू पूर्ण कर. नीट झाला तर मशीन तुझं. मग चाचणीबिचणी नाही.” हे सगळ्यांसमोर म्हणाले, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

शाफ्ट बाहेरून तयार झाला, भोकही पडलं, फक्त आटे राहिले आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. साहेबांचं मत, पूजा म्हणजे मशीन पुसायचं निमित्त. फुलं मशीनच्या आत न्यायची नाहीत, हळदकुंकू फक्त बाहेरच्या पत्र्यावर, असा त्यांचा हुकूम, आणि त्याचीही पाटी. तात्यांनी झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. प्रज्ञा बाजूला उभी राहिली. नमस्कार केला नाही, पेढा घेतला. दुसऱ्या दिवशी तिलाही सण होताच, तिचा वेगळा.

सुट्टी संपवून सगळे परत आले आणि शाफ्ट चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, चढला. दारावर पाटी लागली. प्रज्ञाने काचेतून आत पाहिलं.

“साहेब, पाणी कमी येतंय.”

“सुट्टीनंतर पंप आळसावतो. धरेल वेग. चालव.”

तिने बटण दाबलं. टॅप आत गेला, बाहेर आला. पुन्हा आत गेला, थोडा अधिक खोल. साहेबांचा हात दारावर. आणि मग तो आवाज. वाळलेली काडी मोडावी एवढाच. साहेबांनी डोळे उघडायच्या आधी मशीन थांबवलं होतं प्रज्ञाने.

तात्या पुटपुटले, पण असे की सगळ्यांना ऐकू जावं. “मशीन रुसला. पूजेक हात लावूक नाय, मग काय होतला?”

प्रज्ञा वळली. “तात्या, पूजा नाही केली मी. पण ते मशीन पुसून चकाचक कोणी केलं होतं? तुमच्या नारळाने?”

“हिका परत तपासणीच्या टेबलार बसवा, साहेब,” तात्या म्हणाले. “शाफ्ट गेलो. मावशीक काय सांगतलास?”

प्रज्ञाने हात पुसले, एप्रन काढला आणि खुंटीवरची पिशवी घेतली. चेहरा दगडासारखा. मी माझ्या टेबलावरून उठले.

“कुठे निघालीस?” साहेब ओरडले. “कारण सापडल्याशिवाय कुणी हलायचं नाही.”

आधी त्यांनी टॅपच्या पोलादाला दोष दिला. मग शाफ्टच्या धातूला. मग स्वतःच दोन्ही रद्द केले आणि इस्त्रीच्या शर्टासकट मशीनमागे शिरले. टाकीचं झाकण काढलं, पंपाच्या तोंडची जाळी वर ओढली. जाळीवर पिवळ्या पाकळ्यांचा थर होता, भिजून फुगलेला, भाकरीसारखा जाड. त्यातून कूलंट जाणार तरी कसं? कीस आत साठला, मूठ झाली, हात तुटला.

तात्यांनी वाकून बघितलं. ते चपापले असावेत, हार त्यांनीच घातले होते. पण माणूस हुशार. “हार वयर होतो, साहेब. पुसताना हिनाच पाकळये आत लोटल्यान आसतले.”

पटण्यासारखं होतं. हार वर, टाकी खाली, पुसणारी प्रज्ञा. साहेबांना आवडावं असं, एकाला एक जोडलेलं, सुबक कारण. तिने साहेबांकडे बघितलं.

साहेब जाळी हातात धरून उभे होते, पांढरं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं. ते तसेच खालच्या पेटीवर बसले.

“फुलं तिने लोटली नाहीत,” ते म्हणाले. “मी टाकली.”

“तुमी?” तात्या म्हणाले.

“तुम्ही सगळे गेल्यावर. झाकण उघडून. ओंजळभर.”

प्रज्ञा पुढे आली. “साहेब, फुलं आत न्यायची नाहीत म्हणून पाटी तुम्ही लावलीत.”

“हो.”

“मग? कारण काय?”

इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण ते विचारायच्या आधीच सांगायचे. या वेळी वेळ लागला. “आई दसऱ्याला विहिरीत झेंडू सोडायची,” ते म्हणाले. “गावची विहीर. मशीनचं पाणी बघितलं आणि आठवलं. बस. दुसरं काही नाही. हे काही कारण नाही, मला माहीत आहे.”

तात्या जमिनीकडे बघत राहिले. प्रज्ञाला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही.

“मी म्हटलं होतं पाणी कमी येतंय.”

“म्हटलं होतंस.”

“पंप आळसावतो म्हणालात.”

“म्हणालो.”

“मग आता मावशींना सांगायला चला. फोन नको. आणि मीही येणार. तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचंय.”

आम्ही तिघं टॅक्सीने कोळीवाड्यात गेलो. मला बरोबर घेतलं ते मी पत्रं लहान करते म्हणून असावं, पण त्या दिवशी माझी गरज पडली नाही. मावशी बोटीच्या सावलीत जाळं सांधत बसल्या होत्या. साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, “मावशी, तुमच्या शाफ्टात टॅप मोडला. टाकीत फुलं टाकून पाणी मीच अडवलं. या मुलीची चूक नाही.”

मावशींनी सुई थांबवली. आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा त्यांनी साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“दर्याला नारळ आमी पन देतो, साहेब,” त्या म्हणाल्या. “पन इंजिनात नाय टाकत.”

प्रज्ञाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. साहेबही हसतील असं मला वाटलं, पण ते मान खाली घालून उभे राहिले.

मग उपाय निघाला. शेजारच्या गाळ्यात ठिणग्यांनी धातू जाळणारं मशीन होतं, त्यावर मोडका तुकडा जाळून काढता आला असता. जुने आटे फुकट गेले, पण भोक थोडं मोठं करून मोठ्या बोल्टाचे आटे पाडता येणार होते. त्याला मावशींची परवानगी हवी होती.

“मोटा बोल्ट चालल,” मावशी म्हणाल्या. “पन परत मोडला तर?”

“मग शाफ्ट गेला,” प्रज्ञा म्हणाली. “त्यापेक्षा मोठं भोक त्याला झेपणार नाही.”

“नि मारनार कोन? ह्ये फुलवाले?”

“हीच मारणार,” साहेब म्हणाले. “मशीन तिचं आहे.”

मावशींनी प्रज्ञाकडे पाहिलं. “करशील गं?”

“करीन. पण साहेबांनी मागे उभं राहायचं नाही. गाळ्यातसुद्धा नाही.”

“असं होय,” मावशी म्हणाल्या. “मंग मी येते. ह्यांना भायेर धरून बसते.”

तात्यांनी बोलून काही दाखवलं नाही. पण टाकी धुवायचा दिवस आला तेव्हा साहेब बाह्या सरसावून आत वाकले, आणि तात्या न सांगता बादली धरून शेजारी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी, मोडका तुकडा निघून भोक मोठं झाल्यावर, तात्यांनी नव्या टॅपची धार प्रज्ञाच्या आधी भिंगाखाली तपासली आणि तो तिच्या हातात दिला. “बरो आसा,” एवढंच.

माझं टेबल दाराशेजारी होतं, काचेतून दोन्हीकडचं दिसायचं. आत प्रज्ञा मशीनसमोर एकटी. तात्या लांब, भिंतीला टेकून. बाहेर जिन्याच्या पायरीवर साहेब, आणि त्यांच्या शेजारी मावशी, हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू नाही, हातात मासळीच्या वासाची कापडी पिशवी. मशीन सुरू झालं. कूलंट काचेवर जोराने फुटलं. टॅप आत गेला, बाहेर आला, आत गेला. दर वेळी चक उलटं फिरायचं तेव्हा आवाजाची पट्टी बदलायची आणि साहेब पायरीवरून अर्धे उठायचे. मावशींनी त्यांच्या शर्टाचा मागचा भाग मुठीत धरून ठेवला होता. “बसा,” त्या म्हणायच्या. “तिला करू द्या.”

शेवटची फेरी सर्वांत खोल होती. चक मंदावलं, थबकलं आणि उलटं फिरायला लागलं. टॅप बाहेर आला. अख्खा.

प्रज्ञाने दार उघडलं, भोकात हवा मारली आणि माझ्याकडे हात केला. “मॅडम, गेज.” गेज म्हणजे आटे बरोबर आहेत का ते बघायचा मापाचा बोल्ट. तो तिने दोन बोटांनी आत फिरवला. जोर न लावता फिरत गेला, फिरत गेला आणि खुणेशी थांबला.

“काय झालं?” साहेबांनी जिन्यावरून विचारलं.

प्रज्ञा काही बोलायच्या आधी मावशी उठल्या, साहेबांच्या पुढून आत आल्या आणि सरळ भोकात करंगळी घातली. आट्यांवरून ती हळू फिरवली, माशाच्या कल्ल्यात फिरवावी तशी. तेलकट करंगळी लुगड्याला पुसली.

“बोट पान्यात कवा घालू?” त्यांनी विचारलं.

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांचं तोंड उघडलं होतं. पण मावशींनी विचारलं होतं ते त्यांना नव्हे. साहेबांनी प्रज्ञाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“परवा घाला,” प्रज्ञा म्हणाली. “अजून धुऊन, घासून द्यायचाय मला.”